पहिल्या मिनिटाचा हिशेब

प्रसूतिगृहातून घरी जाताना बाळंतिणीच्या हाती जे कार्ड पडते, त्यावर बाळाच्या वजनाच्या आसपास बहुधा एक छोटी नोंद असते: ॲपगार ८/१०, ९/१०. आई-वडील वजन वाचतात, जन्मवेळ पत्रिकेसाठी टिपून घेतात आणि ही नोंद ओलांडून पुढे जातात. ज्यांचे लक्ष जाते त्यांना वाटते, हे कुठल्या तरी लांबलचक इंग्रजी नावाचे लघुरूप असावे. कित्येक तरुण डॉक्टरांचाही तसाच समज असतो. वास्तविक ते एका स्त्रीचे आडनाव आहे. डॉ. व्हर्जिनिया ॲपगार या अमेरिकी भूलतज्ज्ञ. १९०९ साली जन्मल्या, १९७४ साली निवर्तल्या. त्या बालरोगतज्ज्ञ नव्हत्या, प्रसूतितज्ज्ञही नव्हत्या. शल्यविशारद होण्याची मनीषा होती, ती सोडून द्यावी लागली. तरीही जन्मताच निळ्या पडणाऱ्या, फुप्फुसांतील रक्तदाब खाली न आल्याने गुदमरणाऱ्या बाळांवर आज जे उपचार होतात, त्यांचा माग काढत मागे गेले, तर वाट या बाईंच्या दारावरून जाते.

हा आजार समजून घ्यायचा, तर जन्माच्या क्षणी शरीरात काय घडते ते आधी पाहावे लागेल. पोटातल्या बाळाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात आणि त्यांतील रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. प्राणवायू मिळतो तो आईच्या रक्तातून, वारेमार्फत, नाळेवाटे. त्यामुळे फुप्फुसांकडे फारसे रक्त पाठवण्याची गरजच नसते. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जेमतेम दहावा ते पाचवा हिस्सा तिकडे जातो; उरलेले रक्त दोन आडवाटांनी फुप्फुसांना वळसा घालते. पहिली आडवाट म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यातले छिद्र आणि दुसरी म्हणजे फुप्फुसधमनी व महाधमनी यांना जोडणारी एक आखूड नळी. मग बाळ जन्मते, पहिला टाहो फोडते, हवा आत शिरते. द्रव शोषला जाऊ लागतो, प्राणवायू पोहोचताच आकसलेल्या वाहिन्या सैलावतात आणि फुप्फुसांतील रक्तप्रवाह आठ ते दहा पटींनी वाढतो. आडवाटा हळूहळू मिटत जातात. त्यानंतरच्या साऱ्या आयुष्यात माणसाच्या शरीरात एवढी मोठी उलथापालथ एवढ्या थोड्या वेळात बहुधा पुन्हा होत नाही.

हजारांतील सुमारे दोन बाळांच्या बाबतीत ही उलथापालथ अर्ध्यावर अडते. जन्म झालेला असतो, नाळ कापलेली असते, पण फुप्फुसांतील वाहिन्या पोटात होत्या तशाच आवळलेल्या राहतात. रक्त पुन्हा जुन्या आडवाटा धरते आणि प्राणवायू न घेताच शरीरभर फिरू लागते. प्राणवायू कमी पडला, की वाहिन्या आणखी आवळतात. त्या आवळल्या, की प्राणवायू आणखी कमी पडतो. नवजात बाळातील फुप्फुसांचा कायम राहिलेला उच्च रक्तदाब असे त्याचे लांबलचक नाव आहे. डॉक्टरमंडळी आद्याक्षरांवरून त्याला पीपीएचएन म्हणतात. आपल्याकडे ज्याला बाळाने पोटातच शी केली असे म्हणतात, ती काळपट-हिरवी शी श्वासाबरोबर फुप्फुसांत गेल्याने तो होतो. जन्मताना गुदमरल्याने, जंतुसंसर्गाने किंवा उरोदरपटलातील जन्मजात छिद्रामुळे फुप्फुसे नीट न वाढल्यानेही होतो. कधी कधी कारण सापडतच नाही. ॲपगार यांच्या उमेदीच्या काळात या आजाराला नाव नव्हते. निळे बाळ एवढेच काय ते म्हटले जाई आणि बहुतेकदा ते बाजूला ठेवले जाई.

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील वेस्टफील्ड या गावी ७ जून १९०९ रोजी व्हर्जिनियाचा जन्म झाला. तीन भावंडांत ती धाकटी. वडील चार्ल्स ॲपगार विमा कंपनीत होते. पण त्यांचा जीव खरा रमे तो घराच्या तळघरात, दुर्बिणी आणि बिनतारी यंत्रांच्या पसाऱ्यात. १९१५ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, लाँग आयलंडवरील सेव्हिल येथील जर्मन बिनतारी केंद्राचे संदेश त्यांनी मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित केले आणि त्यांवरून त्या केंद्रातून चालणारी हेरगिरी उघडकीस आली. घरात संगीत होते; व्हर्जिनिया लहानपणीच व्हायोलिन शिकली. घरात आजारपणही होते. एक भाऊ क्षयाने गेला, दुसरा सतत दुखणाईत असे. डॉक्टर होण्याचा निर्णय तिने नेमका केव्हा घेतला हे कुणी सांगू शकले नाही, पण शाळा संपली तेव्हा तो पक्का होता.

माउंट होल्योक महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकताना पैशाची चणचण कायमची होती. उपाहारगृहात, ग्रंथालयात, प्रयोगशाळेत अशी मिळेल ती कामे करून तिने खर्च भागवला. त्यांतील एक काम म्हणजे प्रयोगशाळेसाठी भटकी मांजरे पकडून आणणे. १९२९ च्या सप्टेंबरात ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली. नव्वद विद्यार्थ्यांच्या वर्गात मुली नऊ. महिन्याभरात शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली. तरीही कर्जे काढून १९३३ साली ती पदवीधर झाली, वर्गात चौथी आली. डोक्यावर सुमारे चार हजार डॉलरचे कर्ज होते, जे त्या काळी थोडेथोडके नव्हते.

पुढे त्याच विद्यापीठाच्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात शल्यचिकित्सेचे प्रशिक्षण मिळाले. हात उत्तम चालत होता. पण विभागप्रमुख ॲलन व्हिपल यांनी त्यांना त्या वाटेवरून परावृत्त केले. त्यांनी याआधी घडवलेल्या स्त्री शल्यविशारदांना मंदीत पोटापुरतेही रुग्ण मिळाले नव्हते. व्हिपल यांचा आणखी एक हिशेब होता. शस्त्रक्रिया पुढे जायची, तर भूल देण्याचे शास्त्र सुधारायला हवे होते. ते काम तेव्हा मुख्यतः परिचारिकांकडे असे आणि डॉक्टर त्याकडे वळत नसत. हुशार, तडफदार आणि दुसरी वाट नसलेली एक डॉक्टर समोर होती. सल्ला हिताचा होता हे खरे. पण पुरुषाला तो दिला गेला असता का, हा प्रश्न आज वाचताना मनात येतोच. ॲपगार यांनी त्यावर कुढत बसण्यात वेळ घालवला नाही. विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे राल्फ वॉटर्स यांच्या हाताखाली आणि मग न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात एमरी रोव्हेनस्टाइन यांच्याकडे त्यांनी भूलशास्त्र शिकून घेतले. स्त्री डॉक्टरसाठी निवासाची सोय कुठेच नव्हती. बेलव्ह्यूत तर त्यांना सफाई करणाऱ्या बायकांच्या खोल्यांत राहावे लागले.

१९३८ साली त्या कोलंबियात परतल्या आणि भूल विभागाच्या प्रमुख झाल्या. त्या रुग्णालयात एखाद्या विभागाची सूत्रे स्त्रीकडे येण्याची ती पहिली वेळ. विभागप्रमुख हे नाव मोठे. प्रत्यक्षात सुरुवातीला हाताखाली डॉक्टर जवळजवळ नव्हतेच. शल्यविशारद भूलतज्ज्ञाला बरोबरीचा मानायला तयार नसत, वेतनाची रड होतीच. त्यात युद्ध आले आणि उरलेसुरले तरुण डॉक्टर आघाडीवर गेले. अकरा वर्षे त्यांनी हा गाडा ओढला, माणसे घडवली. १९४९ साली या विभागाला पूर्ण स्वतंत्र दर्जा मिळाला तेव्हा मात्र प्रमुखपद इमॅन्युएल पॅपर या तरुण डॉक्टरांना देण्यात आले. ॲपगार यांना त्याच वर्षी प्राध्यापकपद मिळाले. त्या महाविद्यालयाच्या इतिहासातील पूर्ण प्राध्यापकपद मिळवणारी पहिली स्त्री, असा हा मान. डावलल्याची भरपाई म्हणून तो मिळाला असेल वा नसेल. पण कारभाराच्या जोखडातून सुटका झाल्याने त्या शेजारच्या स्लोन प्रसूतिगृहाकडे वळल्या आणि ज्या कामासाठी जग त्यांना ओळखते ते तिथेच घडले.

त्या वेळी प्रसूतिगृहातील परिस्थिती विचित्र होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील बालमृत्यू झपाट्याने घटले होते. स्वच्छ पाणी, चांगले दूध, लसी यांचा तो परिणाम. मात्र जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांतील मृत्यू जवळपास होते तिथेच होते. प्रसूती झाली, की सगळ्यांचे लक्ष आईकडे जाई आणि त्यात गैर काही नव्हते, कारण रक्तस्राव तिलाच होत असे. बाळ परिचारिकेच्या हाती सोपवले जाई. रडले तर उत्तम. रडले नाही, तर पाठीवर थापट्या मारणे, थंड-गरम पाण्यात बुडवणे असे काहीबाही उपाय होत. ते फसले, की मृत जन्म अशी नोंद करून सारे मोकळे. एखाद्या डॉक्टरला जे बाळ जगण्याजोगे वाटे, ते दुसऱ्याला वाटत नसे. मोजायला काही मापच नव्हते. ॲपगार भूल देण्यासाठी तिथे उभ्या असत. भूलतज्ज्ञाला सतत नाडी पाहण्याची, श्वास मोजण्याची, त्वचेचा रंग न्याहाळण्याची सवय असते. ती सवय त्यांनी आईकडून बाळाकडे वळवली.

१९४९ मधलीच गोष्ट. रुग्णालयाच्या उपाहारगृहात सकाळची न्याहारी चालली असताना एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले, की नवजात बाळाची प्रकृती ठरवायची कशी. जेवून झाल्यावर आपापली ताटे उचलावीत अशी विनंती करणारा एक कागद टेबलावर होता. त्यावरच त्यांनी पाच मुद्दे लिहून दिले आणि ते पडताळून पाहायला त्या उठून थेट प्रसूतिकक्षात गेल्या. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, चेतवल्यावर मिळणारा प्रतिसाद आणि त्वचेचा रंग. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण, बेरीज दहापर्यंत. बाळ पूर्ण बाहेर आल्यावर बरोबर एका मिनिटाने पाहायचे. कोणतेही यंत्र लागत नाही, रक्त काढावे लागत नाही. १९५२ साली त्यांनी ही पद्धत एका वैद्यकीय परिषदेत मांडली आणि हजाराहून अधिक बाळांच्या नोंदींच्या आधारे १९५३ साली ती प्रसिद्ध केली. त्यात एक अट त्यांनी आग्रहाने घातली होती: गुण देणारी व्यक्ती प्रसूती करणारी नसावी. आपण जन्माला घातलेल्या बाळाला दहापैकी दहा देण्याचा मोह कुणालाही होतो, हे त्या ओळखून होत्या.

या पद्धतीचे बळ तिच्या गणितात नाही. पाच खुणांना सारखेच वजन देणे शास्त्रीयदृष्ट्या फारसे पटणारे नाही. तिचे बळ हे, की तिने एका माणसाला घड्याळाकडे बघत बाळाजवळ उभे राहायला भाग पाडले. आकडा लिहायचा म्हणजे बघावे लागते. बघितले म्हणजे निपचित पडलेल्या, निळ्या बाळाचेही हृदय मिनिटाला ऐंशी ठोके देत आहे हे लक्षात येते. आणि ते लक्षात आल्यावर बाळाला बाजूला ठेवणे अशक्य होते.

पुढची पायरी अधिक महत्त्वाची आणि तिच्याविषयी सहसा कमी बोलले जाते. नवजात बाळाच्या रक्तात प्राणवायू कमी असणे स्वाभाविक आहे, त्याने त्याचे काही बिघडत नाही, अशी त्या काळी समजूत होती. भूलतज्ज्ञ डंकन हॉलाडे आणि न्यूझीलंडहून आलेले बालरोगतज्ज्ञ एल. स्टॅनली जेम्स यांना सोबत घेऊन ॲपगार यांनी नाळेतील वाहिन्यांतून रक्त घेऊन तपासायला सुरुवात केली. थेंबभर रक्तावर काम करतील अशा पद्धती तेव्हा नव्यानेच येत होत्या. निष्कर्ष स्पष्ट निघाला. ज्यांचे गुण कमी, त्यांच्या रक्तात प्राणवायू कमी, कार्बन डायऑक्साइड जास्त आणि आम्लता वाढलेली. म्हणजे तो गुदमरल्याचा पुरावा होता आणि त्यावर तातडीने इलाज करायला हवा होता. ज्या मातांना सायक्लोप्रोपेन या वायूची भूल दिली जाई, त्यांची बाळे अधिक मलूल जन्मतात, असेही याच संशोधनात दिसले. हा वायू भूलशास्त्रात रुळवला तो त्यांचे गुरू वॉटर्स यांनी आणि ॲपगार यांचाही तो सर्वांत आवडता होता. आकडे समोर येताच प्रसूतीसाठी त्यांनी तो सोडला. गुरूंकडून आलेली आवडती गोष्ट आपल्याच पुराव्यापुढे सोडून देणे दिसते तितके सोपे नसते.

फुप्फुसांतील रक्तदाबाच्या आजाराशी या कामाचा धागा इथे जुळतो. प्राणवायूची कमतरता आणि रक्तातील आम्लता या दोहोंमुळे नवजात फुप्फुसांतील वाहिन्या आवळल्या जातात आणि दोन्ही एकत्र आल्यास परिणाम कितीतरी वाढतो, हे १९६६ साली रुडॉल्फ आणि युआन यांनी नवजात वासरांवरील प्रयोगांत दाखवून दिले. ॲपगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी गुणांच्या बाळांच्या रक्तात ज्या दोन गोष्टी मोजल्या होत्या, त्या नेमक्या याच. १९६९ साली विल्यम गेर्सोनी, गॅब्रिएल ड्यूक आणि जॉन सिंक्लेअर या डॉक्टरांनी जन्मानंतरही गर्भातलेच रक्ताभिसरण चालू राहण्याच्या या अवस्थेचे वर्णन केले आणि तिला नाव दिले. हे डॉक्टर त्याच कोलंबिया वैद्यकीय केंद्रात काम करणारे. ॲपगार यांना तिथून जाऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती.

त्या गेल्या होत्या त्या आणखी वेगळ्या वाटेने. १७ हजारांहून अधिक जन्म पाहून झाल्यावर, पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमाला नाव घातले. मुख्य हेतू होता संख्याशास्त्र शिकण्याचा. १९५९ साली ती पदवी मिळवून त्या मार्च ऑफ डाइम्स या संस्थेत दाखल झाल्या. पोलिओविरुद्ध उभ्या राहिलेल्या या संस्थेने लस आल्यानंतर जन्मजात व्यंगांकडे मोर्चा वळवला होता आणि त्या विभागाची धुरा ॲपगार यांच्याकडे आली. त्यानंतरची पंधरा वर्षे त्या व्याख्याने देत देशभर फिरल्या. व्यंग असलेले मूल घरात लपवून ठेवण्याचा तो काळ; त्या मात्र याविषयी मोकळेपणाने बोलत. १९६४-६५ च्या साथीत अमेरिकेत सुमारे २० हजार बाळे जर्मन गोवराचे दुष्परिणाम घेऊन जन्मली. त्यानंतर लसीकरणाचा पाठपुरावा करणाऱ्यांत त्या आघाडीवर होत्या. १९७२ साली जोन बेक यांच्यासह त्यांनी आई-वडिलांसाठी जन्मजात दोषांवर एक पुस्तकही लिहिले. पर्समध्ये एक चाकू, श्वासनलिकेत घालायची नळी आणि घसा पाहण्याचे उपकरण सदैव असे. वाटेत कुणाचा श्वास अडकला तर हाताशी असावे म्हणून. गाडी भरधाव चालवत. वय वाढल्यावर विमान चालवायला शिकल्या.

इकडे त्यांची गुणपद्धती जगभर गेली होती. एका मिनिटासोबत पाचव्या मिनिटालाही गुण देण्याची रीत पडली. बारा संस्थांमधील १७,२२१ बाळांच्या पाहणीत हा पाचव्या मिनिटाचा आकडा अधिक बोलका ठरला. १९६० च्या दशकात डेन्व्हर येथील जोसेफ बटरफील्ड यांनी ॲपगार या नावाच्या पाच इंग्रजी अक्षरांत पाचही खुणा चपखल बसवून दाखवल्या आणि तेव्हापासून हे लघुरूपच आहे हा समज पसरला. त्यांना स्वतःला या युक्तीची गंमतच वाटली होती.

या आकड्याचा गैरवापरही कमी झालेला नाही. आपल्याकडे गुण म्हटले, की चढाओढ आलीच. शेजारच्या बाळाला दहा आणि आपल्याला नऊ, म्हणून खट्टू होणारे पालक डॉक्टरांना भेटतात. पहिल्या मिनिटाला हातपाय निळसर असणे अगदी सर्वसामान्य आहे. निरोगी बाळाच्या रक्तातही प्राणवायूचे प्रमाण नव्वद टक्क्यांपुढे जायला काही मिनिटे लागतात. रंग ही पाचांतली सर्वांत डळमळीत खूण, हे तर ॲपगार यांनी १९५३ मध्येच नमूद करून ठेवले होते. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर ती आणखी फसवी. बाळाला श्वास द्यायचा असेल तर तो मिनिट संपण्याची वाट न पाहता सुरू करावा लागतो आणि पुढे मूल हुशार होईल की नाही हे या आकड्यावरून मुळीच ठरत नाही. फुप्फुसांतील उच्च रक्तदाबाचे बाळ तर आठ-नऊ गुण मिळवून काही तासांनी निळे पडू शकते. तेव्हा उजव्या हाताला आणि पायाला वेगवेगळे संवेदक लावून प्राणवायू मोजतात. हाताच्या आकड्यापेक्षा पायाचा लक्षणीय कमी आला, तर आखूड नळीची आडवाट अजून चालू आहे असे समजायचे. मग हृदयाची सोनोग्राफी करून खात्री केली जाते.

१९६९ मध्ये आजाराला नाव मिळाले. औषध मात्र मिळाले नव्हते. कृत्रिम श्वास, प्राणवायू आणि पुढे टोलाझोलिन नावाचे एक औषध, ज्याने फुप्फुसांबरोबर सगळ्या शरीराचाच रक्तदाब कोसळे. श्वासयंत्र वेगाने चालवून रक्त मुद्दाम अल्कधर्मी करण्याची पद्धतही काही वर्षे चालली. तिने वाहिन्या सैलावत, पण मेंदूचा रक्तपुरवठा घटतो आणि फुप्फुसांना इजा होते हे दिसल्यावर ती मागे पडली. ७ ऑगस्ट १९७४ रोजी, ज्या कोलंबिया-प्रेस्बिटेरियनमध्ये त्या शिकल्या आणि शिकवीत होत्या, तिथेच यकृताच्या विकाराने ॲपगार यांचे निधन झाले. वय ६५. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी अशा एका बाळाचे रक्त शरीराबाहेरील यंत्रात नेऊन, तिथे प्राणवायू मिसळून परत आणले आणि फुप्फुसांना काही दिवस विश्रांती दिली. त्या मुलीने पोटातली शी फुप्फुसांत ओढून घेतली होती. आईने तिला रुग्णालयातच सोडले होते आणि परिचारिकांनी तिचे नाव ठेवले एस्पेरान्झा, म्हणजे आशा. ती जगली. एक्मो या नावाने हे तंत्र रूढ झाले आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीने ते पक्के केले. त्या १८५ बाळांपैकी नेहमीच्या उपचारांवर ५९ टक्के दगावली, एक्मोवर ३२ टक्के.

त्याहून नवलाची कथा नायट्रिक ऑक्साइडची. हसवणारा वायू म्हणून ओळखला जाणारा नायट्रस ऑक्साइड वेगळा. नायट्रिक ऑक्साइड हा गाड्यांच्या धुरात असणारा विषारी वायू आणि भुलेच्या नळकांड्यांत तो चुकून मिसळू नये म्हणून ॲपगार यांच्या पिढीचे भूलतज्ज्ञ जिवाचा आटापिटा करत. रक्तवाहिन्यांना सैल होण्याचा निरोप देणारा शरीरातला रेणू हाच आहे, हे १९८०च्या दशकात उमगले. त्या शोधासाठी १९९८चे नोबेल पारितोषिक दिले गेले. १९९२ साली डेन्व्हर आणि बोस्टन येथील डॉक्टरांनी हा वायू अतिअल्प प्रमाणात बाळांना हुंगवून पाहिला. श्वासावाटे तो थेट फुप्फुसांतील वाहिन्यांपर्यंत पोहोचतो, तिथले काम करतो आणि रक्तात शिरताच निष्प्रभ होतो. त्यामुळे टोलाझोलिनप्रमाणे साऱ्या शरीराचा रक्तदाब कोसळत नाही. १९९७ मधील मोठ्या चाचणीत एक्मो लागणाऱ्या बाळांचे प्रमाण त्यामुळे ५४ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर आले. मृत्यूंत मात्र फारसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे. १९९९ च्या अखेरीस अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. उरोदरपटलाच्या दोषाच्या बाळांना त्याचा लाभ क्वचितच होतो.

हा वायू महाग आहे आणि भारतात तो मोठ्या शहरांतील मोजक्याच अतिदक्षता विभागांत मिळतो. बाकीच्या ठिकाणी सिल्डेनाफिलवर भिस्त असते. व्हायग्रा या नावाने वेगळ्याच कारणासाठी गाजलेले हे औषध फुप्फुसांतील वाहिन्याही सैलावते. त्याच्या जोडीला मिल्रिनोन, सरफॅक्टंट, सौम्य कृत्रिम श्वास, रक्तदाब सावरणारी औषधे आणि शक्य तितकी कमी हाताळणी. कारण अशा बाळाला नुसती सुई टोचली तरी वाहिन्या आवळतात. प्राणवायू हेही औषधच, आणि त्याचाही अतिरेक नडतो. काचेच्या पेटीवर हात लावू नका असे परिचारिका आई-वडिलांना दटावते तेव्हा राग येतो, पण त्या दटावणीमागे हे कारण असते.

अमेरिकेच्या टपाल खात्याने १९९४ साली ॲपगार यांच्यावर २० सेंटचे तिकीट काढले. त्यानिमित्त डल्लास येथे बालरोगतज्ज्ञांच्या संमेलनात चार वादकांनी ज्या वाद्यांवर संगीत सादर केले, ती ॲपगार यांनी स्वतःच्या हातांनी बनवलेली होती. १९५६ साली शस्त्रक्रियेसाठी आलेल्या कार्लीन हचिन्स या विज्ञानशिक्षिकेने त्यांना हा नाद लावला होता. हचिन्स स्वतः वाद्ये घडवीत. दिवसभराचे काम आटोपून ॲपगार रात्री उशिरापर्यंत लाकूड तासत बसत. त्यांतील व्हायोलाच्या पाठीची हकिकत कोलंबियात वर्षानुवर्षे सांगितली जाई. रुग्णालयाच्या हार्कनेस इमारतीतील सार्वजनिक टेलिफोनच्या खोलीत एक फळी होती, मेपलच्या सुरेख लहरदार लाकडाची. हचिन्स यांची नजर तिच्यावर पडली. रुग्णालयाचे प्रशासन ती देईना. तेव्हा १९५७ साली एका रात्री दोघी हत्यारे आणि रंगवून आणलेली बदली फळी घेऊन तिथे पोहोचल्या. ॲपगार रुग्णालयाच्या गणवेशात बाहेर पहाऱ्यावर उभ्या राहिल्या. जुनी फळी निघाली, पण नवी किंचित लांब भरली. हचिन्स ती कापायला बायकांच्या स्वच्छतागृहात गेल्या. करवतीचा आवाज ऐकून वाटेने जाणारी एक परिचारिका थबकली, तेव्हा दुरुस्तीच्या माणसांना हीच वेळ मोकळी मिळते, असे प्राध्यापकबाईंनी तिला गंभीर चेहऱ्याने सांगितले.